बोललीस तर देईन

मानसशास्त्राचा तो वर्ग आठवला की माझ्या नाकात आधी वाळक्या मासळीचा वास येतो. सिंगापूर शहराच्या मधोमध एक जुनं शॉपिंग सेंटर होतं. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे आणि सुकी मासळी विकणारे, त्याच्या वर घरकामाला बायका पुरवणाऱ्या एजन्सीज. तिथे काचेआड इंडोनेशियाच्या, फिलिपिन्सच्या पोरी एकसारखे टी-शर्ट घालून बाकावर ओळीने बसलेल्या असायच्या आणि गिऱ्हाइकं बाहेरून त्यांना न्याहाळायची. त्यांच्यासमोरून मान खाली घालून जायचं आणि वर आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये माणसाचं मन शिकायला बसायचं. इन्स्टिट्यूट म्हणजे तीन खोल्या, एक झेरॉक्स मशीन आणि रिसेप्शनवर प्लास्टिकचं ऑर्किड. एसी असा की बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर. पहिल्याच शनिवारी मला उठून घरी जावंसं वाटलं होतं.

गेले नाही, कारण मला माझ्या लेकीसाठी तिथून काहीतरी न्यायचं होतं.

ती तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नवरा वन-नॉर्थला एका कंपनीत इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, त्याचा, आणि मी त्याच्या पासला टाचणीने टोचलेली डिपेंडंट. पुण्यात मी सहकारी बँकेत काउंटर सांभाळलेला, इथे काय, तर वॉशिंग मशीन. पण लेक होती म्हणून दिवस जायचा. घरात ही पोर म्हणजे चालतीबोलती आकाशवाणी. बालवाडी आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच होती आणि तिथे मात्र तिच्या तोंडाला कुलूप. वर्ष होत आलं तरी टीचरने तिचा आवाज ऐकलेला नव्हता. शू लागली तरी सांगायची नाही, उठून दारापाशी जाऊन उभी राहायची.

दुपारी मी तिला आणायला जायचे. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतून चालताना चकार शब्द नाही. लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं आणि आत आम्ही दोघीच असलो की सुरू. त्या दोन वेण्यावाल्या मुलीच्या डब्यात आज पण नूडल्सच. टीचरचा उजव्या पायाचा बूट वाजतो, डावा वाजत नाही. एका मुलीने खोडरबर खाल्लं आणि रडली, मग टीचरने तिला पाणी दिलं, मग ती पाण्याला पण रडली. मध्येच कुणी लिफ्टमध्ये आलं की ही गप्प. तो माणूस उतरला की जिथे थांबली होती त्याच शब्दापासून पुढे. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं, तुला सिंगापुरात काय आवडतं, तर मी ती लिफ्ट सांगितली असती.

टीचर बिचारी वाईट नव्हती. पण पुढच्या वर्षी प्रायमरी वन, मोठी शाळा, एकेका वर्गात तीस पोरं. ती एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "ममी, शी व्हेरी गुड गर्ल, बट नेव्हर टॉक. हाऊ लाइक धिस?" इथे बालवाडीत प्रत्येक आईचं नाव ममीच. हिला कुठेतरी दाखवून घ्या, असं तिचं म्हणणं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"होईल गं आपोआप," तो म्हणाला. "मीही लहानपणी कमीच बोलायचो."

"तू अजूनही कमीच बोलतोस," मी म्हटलं. "म्हणून तर मला काळजी वाटते."

आमच्या मराठी मंडळींना कुठून कळलं देव जाणे, पण सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे घरात मराठी बंद करा, कुणी म्हणे रोज भिजवलेले बदाम द्या, एकीने जंताचं औषध सुचवलं. बोलण्याचा आणि जंतांचा काय संबंध ते तिलाच ठाऊक. ज्याच्या घरी जावं तिथे हिला मधोमध उभी करून "काकूला नाव सांग बघू, एक श्लोक म्हणून दाखव बघू" हे ठरलेलं. आपल्या लोकांना लहान मूल दिसलं की त्याच्याकडून काहीतरी म्हणवून घेतल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. पोर माझ्या ओढणीत तोंड खुपसायची आणि सगळे हसायचे. लाजते, म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण चकल्या खाऊन, हसून घरी यायचे.

अशात एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फुकट वाटतात त्या पेपरात जाहिरात दिसली. मानसशास्त्राची ओळख, शनिवारी दुपारी, पूर्वतयारी नको. मला वाटलं, शिकावं. डॉक्टरकडे न्यायच्या आधी आपल्याच पोरीच्या मनात काय आहे ते आपल्याला थोडं तरी कळावं. एवढा साधा हेतू होता.

आणि तिथे काय, तर कुत्रा. पहिल्या महिन्यात पडद्यावर प्रयोगातला एक कुत्रा, घंटा आणि त्याची लाळ. मधल्या सुट्टीत सरांनी प्रोजेक्टर बंद केला नाही, त्यामुळे तो लाळ गाळत वर, आणि त्याच्याखाली सगळे करी पफ खाताहेत. सर तिथलेच, केसांना जेल लावलेले, हसरे. हेच सर गुरुवारी त्याच खोलीत मार्केटिंग शिकवत आणि विनोद, असं ऐकलं, दोन्हीकडे तेच. वर्गात विमा विकणारा एक जण, घरांचे व्यवहार करणाऱ्या दोघी, ट्यूशनवाल्या एक बाई. मन वगैरे कुणालाच नको होतं. विमावाला पहिल्याच दिवशी म्हणाला, सर, हे शिकून गिऱ्हाइकाची सही लवकर घेता येते का ते सांगा. सगळे हसले, सरही हसले. आणि नंतर खरंच सांगितलं.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पान उलटलं की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, धिस वन कमिंग आउट?" म्हणजे हे परीक्षेत येणार का. सर मान हलवायचे, होकारार्थी किंवा नकारार्थी. येणार म्हटलं की सगळ्यांची पिवळी पेनं सरसावायची. नाही येणार म्हटलं की पेन्सिलने पानावर आडवी रेघ. माणसाच्या मनाचा एवढा जाड ग्रंथ, त्यातलं निम्मं मन ह्या लोकांनी कापून टाकलं, कारण ते परीक्षेत येत नव्हतं. मी पुण्याची, परीक्षा मला नवीन नाहीत, पण आम्ही निदान चोरून गाइड वाचायचो. इथे तर मास्तरच राजरोस सांगत होता काय वाचू नका.

वर्गात आणखी एक मराठी बाई निघाली. आमच्या मंडळींत त्यांना सगळे वहिनी म्हणायचे, म्हणून मीही. मूळच्या दादरच्या. यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कायमचा रहिवास मिळालेला, पोहण्याचा तलाव असलेल्या कॉन्डोत घर, मुलगा सेकंडरीत आणि आईला उत्तर द्यायचा तर इंग्रजीत, तेही एका शब्दात. वहिनींना पुढे घरच्या घरी कौन्सेलिंग सुरू करायचं होतं. त्यासाठी सर्टिफिकेट हवं होतं. दर वर्षी गणपतीचा मुलांचा कार्यक्रम त्याच बसवत. हौशी बाई, कामाला वाघ, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

बक्षिसांचा धडा आला तो शनिवार मी विसरणार नाही. सर एक मोठी पिशवी घेऊन आले, फळांच्या चवीच्या गोळ्यांची. प्रश्न विचारायचे आणि जो उत्तर देईल त्याच्याकडे गोळी भिरकावायची. आधी सगळे जरा ओशाळले. पाचच मिनिटांत तीस-चाळीस वर्षांची, टाय लावलेली, लिपस्टिक लावलेली माणसं हात वर करून करून "सर, मी, सर, मी" करत होती. एक गोळी खुर्चीखाली गेली तर घरं विकणारी बाई गुडघ्यांवर वाकून ती शोधायला लागली. वहिनींनी ओढणीचा झोळा केला होता. मी हात वर केला नाही तरी सरांनी माझ्याकडे एक फेकली, ती चष्म्यावर येऊन आदळली आणि सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, पाहिलंत, वर्तन कसं बदलतं ते, ह्याला म्हणतात बक्षिसाची ताकद. शी. मला त्या खोलीतल्या प्रत्येकाची किळस आली. खाली काचेआड बसलेल्या पोरी आमच्यापेक्षा जास्त मानाने बसल्या होत्या.

त्याच धड्याचं पुढचं पान मी घरी वाचून आले होते. त्यात म्हटलं होतं की माणूस जे आपल्या आनंदाने करत असतो त्यालाच बक्षीस लावलं तर त्यातला आनंद जातो. पुढे बक्षीस थांबलं की ती गोष्टही थांबते. मला ते पटलं होतं आणि थोडी भीतीही वाटली होती. मी हात वर केला. त्या वर्गात पहिल्यांदाच. म्हटलं, सर, हे पुढचं पान समजावून सांगाल का.

सरांनी पान बघितलं आणि मान आडवी हलवली. "नॉट कमिंग आउट. कॅन स्किप."

पेन्सिली पुढे सरकल्या. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी पट्टी ठेवून नीट, सरळ रेघ मारली. मला म्हणाल्या, "अगं, येणारच नाहीये तर कशाला डोक्याला ताप?"

त्यावर आला प्रकल्प. घरातल्या किंवा ओळखीतल्या एकाची एक सवय बक्षीस देऊन बदलायची आणि शेवटी वर्गासमोर सादर करायचं. मी नवऱ्याचा ओला टॉवेल निवडला. तो रोज पलंगावर टाकायचा. टॉवेल दांडीवर दिसला की संध्याकाळी भजी, असा माझा प्रयोग. भजी होती तोवर टॉवेल दांडीवर राहिला. तेल परवडेना म्हणून भजी बंद केली तर टॉवेल पुन्हा पलंगावर, वर मलाच विचारतो, आज भजी नाहीत का? वहिनींनी कुणाला निवडलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मला वाटलं, मुलालाच निवडलं असेल. त्याला निदान दोन शब्दांत उत्तर द्यायला शिकवत असतील.

तेव्हाच गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या, रविवारी सकाळी वहिनींच्या कॉन्डोतल्या खालच्या हॉलमध्ये. त्यांनी आपणहून फोन केला. "तुझ्या लेकीला पण पाठव गं. बोलली नाही तर नाही, इतर मुलांत बसेल." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आयांनी मात्र बाहेर थांबायचं, अशी अट. आई समोर असली की मुलं शेफारतात, म्हणाल्या. आम्ही आया तलावाकाठी खुर्च्यांवर बसून कुणाचा भाडेकरार संपतोय आणि कुणाकडे चितळ्यांसारखं तूप मिळतंय हे बोलत बसायचो. तासाभराने पोरं बाहेर यायची. माझ्या लेकीच्या ओठांच्या कडांना चॉकलेट लागलेलं असायचं. मी विचारलं तर सांगायची, काकूने दिलं. लहान मुलांना खाऊ देतातच, त्यात काय विशेष, म्हणून मी रुमालाने तोंड पुसून द्यायचे.

गणपतीच्या दिवशी हॉल भरला होता. आरती झाली, मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. आणि सगळ्यांच्या आधी स्टेजवर माझी लेक आली, एकटी, परकर-पोलक्यात, माइकसमोर. नवऱ्याने माझा हात धरला. ती समोर बघत म्हणाली, "नमस्कार. आपल्या सर्वांचं स्वागत आहे." खणखणीत, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. घरात असं ती कधी बोलायची नाही, घरात तिचे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून यायचे. पण बोलली. दोनशे माणसांसमोर माझी मुलगी बोलली. टाळ्या पडल्या, मला रडू आलं, नवऱ्यालाही आलं.

मग मी डोळे पुसून पाहिलं. लेक टाळ्यांकडे बघत नव्हती. माझ्याकडेही बघत नव्हती. ती थेट स्टेजच्या कडेला चालत गेली. तिथे वहिनी मूठ पुढे करून उभ्या होत्या. त्यांनी मूठ उघडली, लेकीने त्यातलं चॉकलेट उचललं आणि तिथेच उभ्याउभ्या कागद सोडवून खाल्लं. वहिनींनी दुसऱ्या हाताने मोबाइलवर फोटो काढला. माझे अश्रू जागच्या जागी सुकले. प्रसादाचा मोदक हातात होता, तो मी तसाच पिशवीत टाकला.

परतताना एमआरटीत मी नवऱ्याला म्हटलं, हे मला बरोबर दिसत नाही. तो म्हणाला, "अगं, बोलली ना? वर्षभर आपण ह्याचसाठी झुरत होतो ना? आता त्यात काय खुसपट काढतेस?" समोरच्या सीटवर लेक झोपली होती, मूठ घट्ट मिटून. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सादरीकरण. माझ्या टॉवेलला दोन मिनिटं हशा मिळाला. मग वहिनी उठल्या आणि पडद्यावर फोटो आला. परकर-पोलकं, माइक, चॉकलेट. वर लिहिलेलं, प्रयोगाचा विषय, मुलगी, वय पाच. वहिनी सफाईदार इंग्रजीत सांगत होत्या. पहिल्या रविवारी नुसती मान हलवली तर चॉकलेट. मग मान हलवून मिळणार नाही, कानात कुजबुजलं पाहिजे. मग कुजबुजून नाही, मोठ्याने. दोनदा विषय रडला. रडण्याकडे दुर्लक्ष केलं, चॉकलेट समोर धरून ठेवलं, आणि रडणं बंद झालं. मी बाहेर तलावाकाठी तुपाचा भाव विचारत बसले होते तेव्हा आत माझी मुलगी रडत होती, आणि ही बाई चॉकलेट धरून उभी होती.

सर खूश. ह्या वर्षीचा सर्वांत चांगला प्रकल्प, म्हणाले. वहिनींनी मोठ्या मनाने माझ्याकडे बोट दाखवलं, विषयाची आई इथेच बसली आहे. सगळा वर्ग वळला आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागला. विमावाला मागून म्हणाला, "वाह, सेम लाइक द डॉग." त्याला बिचाऱ्याला कौतुकच करायचं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण शब्द फुटेना. त्या दिवशी त्या वर्गात मला कळलं की माझी लेक बालवाडीत कशी उभी राहत असेल.

सुटल्यावर मी वहिनींना जिन्यात गाठलं. "वहिनी, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. "आणि मग पोर मुकीच राहिली असती. बोलायला लागली ना? आभार मानायचे सोडून मलाच जाब विचारतेस?"

"ती मुकी नव्हती. घरी बोलायची. आणि ते पुढचं पान..."

"कुठलं पान?"

"रेघ मारलीत ते."

त्यांना खरंच आठवेना. त्यांच्या चेहऱ्यावर ना लाज ना पश्चात्ताप, नुसता प्रश्न. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कौन्सेलरच्या आवाजात म्हणाल्या, "तू फार ताण घेतेस. एकदा निवांत ये घरी, बोलू आपण." मी त्यांचा हात झटकला आणि जिना उतरले. त्यानंतर त्यांच्याशी मी बोलले नाही. मंडळींत सगळ्यांनी मलाच नावं ठेवली, उपकाराची जाण नाही म्हणून.

परीक्षा मी दिली. सर म्हणाले होते तेच सगळं आलं. त्या पानावर एक अक्षरही आलं नाही.

पण तोवर गाडी पुढे गेली होती. वहिनींनी माझ्या नवऱ्याला युक्ती समजावली, त्याने बालवाडीतल्या टीचरला. तिथे हिच्यासाठी तक्ता लागला. टीचरने विचारलेल्या प्रश्नाचं हात वर करून उत्तर दिलं की एक स्टिकर, खूप स्टिकर झाले की भेट. आणि पोर बोलू लागली. "यस, टीचर. नो, टीचर. माय नेम इज." टीचर मला बघून दोन्ही अंगठे वर करायची. प्रायमरी वनची काळजी मिटली. नवऱ्याने मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानातून चॉकलेटचा भला मोठा पत्र्याचा डबा आणला आणि फ्रिजवर ठेवला. घरीही सवय राहायला हवी, म्हणाला. मी डबा दोनदा वरच्या कपाटात लपवला, त्याने दोनदा खाली काढला. तिसऱ्या वेळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुला काय पोर आयुष्यभर तुझ्या पदराआड हवी आहे का?" असं त्याने विचारलं. डबा फ्रिजवरच राहिला.

लिफ्टमधलं बोलणं कधी कमी झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी वाटलं दमली असेल. मग वाटलं, बालवाडीत बोलून बोलून शब्द संपत असतील. दार बंद व्हायचं, आम्ही दोघीच, आणि ती वर लागणाऱ्या आकड्यांकडे बघत उभी. मी म्हणायचे, आज काय झालं गं शाळेत? ती खांदे उडवायची. नूडल्सवाल्या मुलीचं काय, बुटांचं काय, काही नाही. मी लाडीगोडी लावली, गोष्टी रचून सांगितल्या, मुद्दाम चुकीचं बोलले म्हणजे ती दुरुस्त करायला तरी तोंड उघडेल. कधी उघडायची, आणि मग माझ्याकडे बघत थांबायची. कशासाठी थांबते ते मला कळत होतं. मी समजून न समजल्यासारखं करायचे. नवरा घरी आला की त्याला मात्र ती सगळं सांगायची, कारण तो डबा उघडायचा. मग मला म्हणायचा, "बघ, बोलते की. तूच तिच्याशी नीट वागत नाहीस."

असं होता होता नोव्हेंबर आला. बालवाडी संपायला थोडे दिवस उरले होते. त्या दुपारी मी तिला घेऊन वर आले. दप्तर काढलं, बूट काढले, तर एक हात फ्रॉकच्या खिशातून बाहेरच काढेना. मी हळूच मनगट धरून हात बाहेर ओढला. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून टम्म झालेलं, नखाखाली काळंनिळं रक्त साकळलेलं.

"काय झालं गं बाळा? कुठे लागलं?"

डोळ्यांत पाणी भरून आलं होतं, खालचा ओठ थरथरत होता, पण तोंड मिटलेलं. मी फ्रिजमधून बर्फ काढला, फडक्यात गुंडाळला, बोटावर धरला. पुन्हा विचारलं. टीचरला सांगितलंस का? कुणी ढकललं का? तिने वर फ्रिजकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि अगदी हळू, हट्ट नाही, लाडीगोडी नाही, दुकानात विचारावं तशी म्हणाली, "सांगितलं तर काय देशील?"

एवढी किळस मला त्या वर्गातसुद्धा आली नव्हती. कुणाची आली ते सांगता येत नाही. तिची नाही, ती बिचारी शहाण्यासारखी वागत होती, आम्ही सगळ्यांनी मिळून जे शिकवलं तेच करत होती.

"काही नाही देणार," मी म्हटलं. "आईला सांगायला काय द्यावं लागतं का, राणी?"

ती थांबली. गाल भिजून गळ्यापर्यंत ओघळ आले, बर्फाचं पाणी तिच्या कोपरावरून फरशीवर टपकत होतं, तरी ती थांबली. मीही थांबले. मला वाटलं होतं मी जिंकेन, आई आहे, पोटची पोर आहे, किती वेळ धरून ठेवील. पण तिला धरून ठेवायला शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. आणि बोट माझ्या डोळ्यांदेखत आणखी सुजत होतं. हाड मोडलं असेल का, दवाखान्यात न्यायचं का, मला कळायला हवं होतं.

मी स्टुलावर चढून डबा काढला.

तिने डाव्या हाताने एक उचललं, कागद दातांनी सोडवला, तोंडात टाकलं आणि मग सांगितलं. सकाळी खेळण्यांच्या कपाटाचं दार लागलं, त्यात बोट सापडलं. सकाळी म्हणजे प्रार्थनेनंतर लगेच. मी म्हटलं, अगं, मग टीचरला का नाही सांगितलंस, एवढा वेळ तशीच बसलीस? तर चॉकलेट एका गालातून दुसऱ्या गालात सारत तिने मला नीट समजावून सांगितलं की टीचरने विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय बोललं की स्टिकर मिळत नाही.